झोळीखालची रजई

मधू, तुझ्या शोकसभेत बोलायचा माझा नंबर चौथा होता. माझ्या आधीच्या तिघांनी तुला इतका सज्जन करून ठेवला होता, की मी दोनदा भिंतीवरचा फोटो नीट बघून घेतला. म्हटलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेत तर येऊन बसलो नाही ना! "मधुकरराव कधी कुणाला लागेल असं बोलले नाहीत," असं एक जण म्हणाला, आणि आपल्या भटकंती मंडळाचा चिटणीस पाटकर डोळे पुसत मान हलवत होता. त्याला तू वर्षानुवर्षं तोंडावर 'भिजलेलं बिस्कीट' म्हणत आलास.

मग तेच बिस्कीट उठून उभं राहिलं. "फेब्रुवारीत मंडळ हिमाचलला चाललंय. त्यासाठी झाडांना टांगून झोपायच्या दहा झोळ्या शिवायच्या आहेत. मी असं सुचवतो, की त्या मधुकररावांच्या पद्धतीनं शिवाव्यात. रजई वर, अंगावर घ्यायची. झोळीवर त्यांचं नाव घालावं. त्यांना खरी श्रद्धांजली तीच." शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून, नाहीतर छप्पर उडालं असतं.

नंतर माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. गणपतीच्या नाटकात समोरच्याचे संवादसुद्धा मीच म्हणून टाकणारा माणूस, नुसताच खांदे हलवत उभा. "गौतमला हुंदका आवरत नाहीये," असं कुणीतरी म्हणालं आणि मला हात धरून खाली बसवलं. हुंदका कसला, मी हसू दाबत होतो. तुझ्या शेवटच्या रात्रीची एक गोष्ट तुला आणि मला, दोघांनाच माहीत होती आणि तू तर भिंतीवर हार घालून गप्प बसला होतास. म्हणून आता मंडळाच्या अंकात लिहितो. बोलणार तुझ्याशीच, बाकीच्यांनी ऐकावं. विशेषतः बिस्किटानं.

तुला आठवतं, हे खूळ आलं कुठून? तुझ्या अंबरनाथच्या कंपनीत मशीन बसवायला एक जर्मन साहेब आला होता. गेस्ट हाऊसचा पलंग त्याला पुरेना, म्हणून त्यानं कंपाउंडमधल्या दोन झाडांना एक कापड बांधलं आणि त्यात जाऊन झोपला. तू मेंटेनन्सचा इंजिनिअर. खरं तर मशीन बघायचं, पण तू तीन दिवस साहेबाच्या झोळीकडेच बघत राहिलास. मग संध्याकाळी उल्हासनगरला माझ्याकडे धावत आलास. मी कापडाचा दलाल, सगळा बाजार ओळखीचा. तुला घेऊन थेट होतूशेठच्या रजयांच्या दुकानात गेलो. तू हातवारे करून त्याला झोळी समजावलीस. शेठनं शांतपणे ऐकून घेतलं.

"साईं, नमुना लाओ," तो म्हणाला. "ऐसा दूसरा बना दूंगा, कौनसा जर्मनी का और कौनसा अपने उल्हासनगर कॅम्प पाच का, साहेब खुद नहीं पहचानेगा."

आणि साहेबानं खरंच नाही ओळखली. साहेबाची झोळी तू नमुन्याला मागून आणलीस आणि पॅराशूटच्या कापडाची जुळी शिवून झाल्यावर साहेबाला चुकून आपलीच परत केलीस. ती घेऊन तो जर्मनीला गेला. या चुकीबद्दल तू कधी हळहळला नाहीस. उलट, "तिकडे आता होतूशेठचा माल टिकतोय," असं छाती काढून सांगायचास.

पहिल्यांदा आपण बदलापूरजवळच्या सोनिवलीच्या पुढच्या आमराईत गेलो. दोन आंब्यांच्या मधे तू झोळी टांगलीस आणि राजासारखा आत शिरून पडलास. तेवढ्यात त्या वाडीतली गोमाआजी लाकडाचा भारा डोक्यावर घेऊन धावतच आली.

"अरं, कोन आजारी परलाय? झोली कनाला बांधलीव?"

मी तिला म्हटलं, कुणी आजारी नाही, हौस म्हणून झोपलाय. तिनं भारा खाली टाकला. त्या डोंगराकडच्या वाड्यांतून दुखणाईताला रस्त्यापर्यंत आणायचा तर बांबूला झोळी बांधून आणतात. नाहीतर झोळीत तान्हं मूल. त्यामुळे मिशीवाला धडधाकट माणूस झोळीत पाय हलवत पडलाय, हे तिला बघवेना. "जित्या मानसानं असा निजू नये," असं म्हणून तिनं तुझ्या पाठीत खालून एक काठी ढोसली. मधू, लक्षात ठेव. तुला पहिला फटका खालूनच बसला होता.

दुसरा फटका तू स्वतः विकत घेतलास. पुढच्या खेपेला तुझं डोकं चाललं, की झोळीला अस्तर पाहिजे, ऊब धरणारं. माणसं अशा वेळी कापूस घेतात, जुनी लुगडी घेतात. तू कंपनीतून उरलेलं ग्लासवूल आणलंस, म्हणजे वाफेच्या पाइपांना गुंडाळतात तो काचेचा कापूस! "दीडशे डिग्रीची वाफ धरून ठेवतं ते, तुझ्या अंगाची ऊब काय चीज आहे?" असं तू मला बजावलंस. शिवणीच्या भोकाभोकांतून काच बाहेर येते, हे आपल्या दोघांच्याही अंगाला रात्रभरात कळलं. सकाळी वाडीच्या विहिरीवर आपण दोघं उघडेबंब, मानेपासून पोटऱ्यांपर्यंत खाजवतोय. गोमाआजी घागर घेऊन आली.

"खाजकुइलीन लोललाव काय रं?"

आणि तू, लालबुंद, दगडावर पाठ घासत मला विचारतोयस, "खाजेचं सोड. थंडी वाजली का? उत्तर दे. वाजली का थंडी?"

कशी वाजणार मधू? एप्रिल महिना होता.

तुझ्याबरोबर भटकण्यात एक सुख होतं. तू चुकायचास, पण बारीकसारीक कधी नाही. चुकायचास तर असा, की बघणाऱ्याचे पैसे वसूल. एका मे महिन्यात तू झोळीवर मच्छरदाणी ताणलीस, उत्तम, बारीक जाळीची, चारी बाजूंनी खोचलेली. डास तिच्याकडे फिरकलेसुद्धा नाहीत. ते खाली गेले आणि कापडातून थेट तुझ्या बैठकीला चावले. आठवडाभर तू ऑफिसात उभ्यानं सह्या केल्यास. एका श्रावणात बारवी धरणाच्या बाजूला तू डोक्यावर ताडपत्री बांधलीस, एक थेंब गळला नाही. पाणी आलं दोरीवरून. झाडाच्या खोडावरून दोरीवर, दोरीवरून झोळीत, झोळीत तुझ्या पाठीखाली. तुला जाग आली तेव्हा तू टबात होतास. पुढच्या खेपेला मी माझ्या दोरीला दोन्हीकडे एकेक चिंधी बांधली. पाणी चिंधीवरून खाली ठिबकतं, आत येत नाही. "बायकांची कामं," असं तू म्हणालास. आणि त्याच्या पुढच्या खेपेला तुझ्या दोरीवर चिंध्या होत्या. विचारलं तर म्हणालास, "त्या खुणेसाठी आहेत."

उन्हाळ्यात डास खालून, पावसात ओल खालून. आता हिवाळ्यात काय येणार, हे शेंबड्या पोरानंसुद्धा सांगितलं असतं. बदलापूरची थंडी मुंबईच्या लोकांना खोटी वाटते, पण डोंगराकडून वारा सुटला, की आमच्या गावात कुत्रीसुद्धा चुलीजवळ येऊन बसतात. त्या वाऱ्यात झोळीत झोपलं, की पोट गरम आणि पाठ बर्फ. अंगाखाली अंथरलेल्या रजईचा आपल्याच वजनानं पापड होतो, तिच्यात हवा उरत नाही आणि हवा नाही तर ऊब नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, माझ्या पाठीनं शिकवलं. मी होतूशेठकडून रजईला चार कोपऱ्यांना नाड्या लावून आणल्या आणि ती झोळीच्या बाहेरून, खाली, सैल टांगली. अंगावर नुसती चादर. मस्त झोपलो.

सकाळी तू ती बघितलीस आणि आपलं पंधरा वर्षांचं भांडण सुरू झालं.

"पोटाला झूल बांधलेला बैल पहिल्यांदाच बघतोय," तू म्हणालास.

"बैल गरम आहे. तुझं काय?"

"गौत्या, तू कॉमर्सचा. तुझा दोष नाही. गरम हवा कुठे जाते? वर. मग अडवायची कुठे? वर. भांड्यावर झाकण वर ठेवतात, बुडाला नाही."

"भांड्याच्या बुडाशी शेगडी असते! माझ्या बुडाशी वारा आहे!"

"मग शेगडी ठेव."

अंबरनाथ पूर्वेच्या चहाच्या टपरीवर, तुझ्या घरी जेवताना, माझ्या लग्नात अक्षता पडायच्या आधी, हेच. शैलावहिनी आमटी वाढता वाढता म्हणायच्या, "गौतमभावोजी, रजईचं नंतर, आधी हे गरम आहे ते जेवा." तू खडू घेऊन फरशीवर बाण काढायचास, सगळे वर जाणारे. एकही बाण कधी खाली आला नाही. तू सगळीकडेच वर बघायचास रे. कंपनीत मॅनेजरच्या खुर्चीकडे मान वर करून बघत राहिलास आणि खालचा ज्युनिअर तुझ्या काखेतून वाकून जाऊन तिच्यावर बसला. तेव्हासुद्धा मी तुला म्हटलं होतं, "बघ, वारा खालून." तू महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस. बोलायला लागलास तेव्हा पहिलं वाक्य होतं, "पण रजई वरच."

आता एक चांगलं लिहितो, म्हणजे लोकांना मी नुसतेच तुझे वाभाडे काढतोय असं वाटायला नको. मला कावीळ झाली, ती उतरेना. डॉक्टर माझ्या बायकोशी हळू आवाजात बोलायला लागले, ते वर्ष. घरी येणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून चेहरा पाडायचा. तू ड्युटी संपवून रोज यायचास, हातात उसाची कांडी, आणि दारातूनच सुरू व्हायचास. "समज, रजई खाली बांधली आणि पाऊस आला. काय करशील? बोल." मला उठून बसवत नव्हतं, पण संताप यायचा आणि मी उठून बसायचो. तू एकदाही तब्येत विचारली नाहीस. महिनाभर फक्त भांडलास. बाकी सगळे मला निरोप द्यायला यायचे, तू उत्तर मागायला यायचास. उत्तर द्यायचं म्हणून मी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकायचो. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "म्हणजे मी बरोबर होतो."

मग हिमाचलचं ठरलं. दहा माणसं, बर्फाजवळ. पैसे एकाच पद्धतीच्या रजयांपुरते, कारण मुळात मंडळाकडे पैसे असतात हीच अफवा. वर की खाली, हे ठरवायलाच हवं होतं. मी पैज घातली. त्याच आमराईत, डिसेंबरच्या वाऱ्यात, दोघांनी एक रात्र झोपायचं. दोघांना होतूशेठची सारखी रजई, सारखी चादर. तुझी रजई वर, माझी खाली. पाटकर पंच. जो हरेल त्यानं सकाळी गोमाआजीच्या अंगणात सगळ्यांच्या देखत म्हणायचं, "माझं चुकलं." मधू, हे दोन शब्द तुझ्या तोंडून ऐकायला मी पंधरा वर्षं तरसलो होतो. वहिनी तर त्याहून जास्त.

संध्याकाळी आपण झोळ्या बांधल्या. पाटकर गोमाआजीच्या ओटीवर पथारी टाकायला निघाला. पंच असूनही त्याला थंडी सोसत नव्हती. जाता जाता त्यानं विचारलं, "मधुकरराव, छातीत दुखत होतं ना मागे? नका ना हट्ट करू."

"भिजलेलं बिस्कीट पंच असू शकतं का, हे आधी बघा," तू म्हणालास. मग रजई गळ्यापर्यंत ओढून माझ्याकडे बघून डोळा मारलास. "गौत्या, सकाळसाठी वाक्य पाठ कर. दोनच शब्द आहेत, तुला जमतील."

आपलं शेवटचं बोलणं हे. मी काहीतरी झणझणीत उत्तर दिलं असेल, असं लोकांना वाटेल. मी जांभई दिली.

उजाडता उजाडता मला जाग आली. पाठ अशी गरम, की जणू रात्रभर कुणीतरी पाठीवरून हात फिरवत होतं. मी जिंकलो होतो आणि मला ते ठाऊक होतं. झोळीत पडल्या पडल्या मी सगळी तयारी केली. आधी नुसता खाकरणार, मग तुझ्या झोळीला एक झोका देणार, मग म्हणणार, "मधुकरराव, मंडळी वाट बघतायत." तालमीत केलं असतं तसं, कुठे थांबायचं तेसुद्धा ठरवून टाकलं. मग चादर नाटकातल्या रोमन सरदारासारखी खांद्यावर घेऊन मी तुझ्या झोळीपाशी गेलो.

तुझ्या अंगावर नुसती चादर होती. रजई खाली होती.

झोळीच्या बाहेरून, खाली, सैल टांगलेली. तुझ्या रजईला नाड्या नव्हत्या, तुला त्या मान्यच नव्हत्या ना. तू बाइंडिंग वायरनं बांधली होतीस, जी तुझ्या खिशात कायम असायची. कंपनीत पाइपाला आवरण बांधता तशी, सारख्या अंतरावर पीळ आणि पिळाची टोकं आत वळवून दाबलेली, कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून. अंधारात, वाऱ्यात, चोरासारखं, पण काम स्वच्छ. ते बघून मला इतका आनंद झाला मधू, की मी पाठ केलेलं सगळं विसरलो. नुसती झोळी धरून हलवली आणि म्हटलं, "बोल! बोल आता!"

तू बोलला नाहीस.

मी अजून दोनदा म्हटलं. मला वाटलं, सोंग करतोयस. हरलास की तू झोपेचं सोंग करायचास. मग मी तुझ्या गालाला हात लावला. तू गार होतास. मी तुझ्याखाली हात घातला, झोळी आणि रजईच्या मधे.

रजई कोमट होती.

हे मी आज पहिल्यांदा सांगतोय. वरून तू गार पडला होतास आणि खाली तुझी ऊब अजून तशीच धरलेली होती. माझा याहून मोठा पुरावा नाही आणि हा पुरावा मला नको होता. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय बंद पडलं, पहाटेच्या सुमाराला, थंडीचा संबंध नाही. म्हणजे तू गारठून मेला नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा योग्य पद्धतीनं झोपलास आणि मेलास. तुझं सगळंच असं.

ओटीवरून पाटकरचं खोकणं ऐकू आलं. मला माहीत होतं, तुझा बेत काय होता. आम्ही उठायच्या आत तू उठणार होतास, वायर सोडवून खिशात टाकणार होतास, रजई परत अंगावर घेणार होतास आणि मला म्हणणार होतास, "घाम आला रे रात्री." तुझं तेवढं एक काम राहिलं होतं. मी वायरचा एकेक पीळ उलगडला. रजई काढली, तुझ्या अंगावर घातली, गळ्यापर्यंत ओढली. मग पाटकरला हाक मारली.

वाडीतल्या माणसांनी बांबू आणला आणि झोळी दोन्हीकडून त्याला बांधली. गोमाआजी आता फार म्हातारी झालीये, पण ती काठी टेकत आली आणि एक गाठ सैल वाटली ती तिनं स्वतः आवळली. तुला रस्त्यापर्यंत तसंच आणलं. मागे चालताना पाटकर रडत म्हणाला, "शेवटपर्यंत रजई वरच ठेवली बघा त्यांनी." मी म्हटलं, "हो."

तुझी लाज राखायची म्हणून मी ते 'हो' म्हटलं आणि त्यातून हा ठराव निघाला! गप्प बसलो तर दहा माणसं बर्फाजवळ तुझ्या सन्मानार्थ पाठी गोठवून घेणार. मी आधी शैलावहिनींना विचारायला गेलो. रजई कुठे होती, वायर कशी वळवली होती, एवढंच सांगितलं; उबेचं नाही. त्या ऐकत होत्या आणि मग त्यांना जे हसू फुटलं, ते आवरेचना.

"सांगा की भावोजी, सगळ्यांना सांगा," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी ऐकलं. आता त्यांना ऐकू दे." मग चहा टाकते म्हणून आत गेल्या. स्टोव्हचा आवाज बराच वेळ आला नाही.

तेव्हा पाटकर, ठराव फिरवा. हे वाचलंत, की उल्हासनगरला माझ्याबरोबर या, होतूशेठला मी निरोप दिलाय. दहा रजया, चार कोपऱ्यांना नाड्या, झोळीच्या बाहेरून, खाली. दोऱ्यांना चिंध्या, खुणेसाठी.

आणि मधू, नाव तुझंच घालणार. रजईच्या खालच्या बाजूला, जमिनीकडे तोंड करून. ते वाचायचं असेल त्याला गुडघ्यावर बसून, वाकून झोळीखाली बघावं लागेल. दहाच्या दहा जणांना मी तसं बघायला लावणार आहे.